तोंडातल्या टाचण्या

"सुळे आहेत ते, सुळे! अख्ख्या जगाला सुळे दिसतात आणि तुला एकटीलाच टाचण्या," घड्याळजी म्हणाले आणि खुर्चीत रेलून मनापासून हसले.

 लेकीने आणलेली चपटी डबी शिवणबाई उलटसुलट करून पाहत होत्या. डबीवर चित्र काढलेलं होतं. पांढऱ्या झग्यातली एक बाई जिना उतरतेय, चेहऱ्याच्या जागी नुसता काळोख, आणि त्या काळोखात चकाकणारे दोन सुळे. सत्तरच्या दशकातला तो भुताचा चित्रपट कुणा हौशी मंडळींनी शोधून काढला होता. त्याचे डाग पुसून, ओरखडे काढून, आवाजातली खरखर घालवून त्यांनी तो घरी बघण्यासाठी डिस्कवर आणला होता. सोबत एक पुस्तिकाही होती.

"आई, ऐक," लेक पुस्तिका वाचत म्हणाली. "भुताचे सुळे म्हणजे घरात कोंडलेल्या स्त्रीची पिढ्यान्‌पिढ्यांची भूक, असं लिहिलंय."

"भूक कसली! त्या दिवशी दुपारी दोनदा जेवले होते मी," शिवणबाई म्हणाल्या.

त्या तेव्हा त्या चित्रपटाचे कपडे शिवत होत्या. भूत होणारी नटी ऐन वेळी तापाने फणफणली, उजेड उतरायला लागला आणि दिग्दर्शकाचा धीर सुटला. त्याची नजर गेली ती जिन्याशी बसून नायिकेच्या झग्याला टाचण्या लावणाऱ्या या पोरीवर. भुताचा झगा तिच्या अंगावर चढवला गेला. तो पायात येत होता, म्हणून तिने वाकून स्वतःच स्वतःची दुमड घातली. उरलेल्या टाचण्या सवयीप्रमाणे ओठांत धरल्या. वरून दिग्दर्शक ओरडला, "तयार?" ती तोंड मिटूनच "हं" म्हणाली आणि कॅमेरा सुरू झालाय हे तिला अर्धा जिना उतरल्यावर कळलं. भुताने खरं तर किंचाळायचं होतं. पण तोंड उघडलं तर टाचण्या घशात जायच्या! म्हणून भूत बिचारं गुपचूप खाली आलं.

चित्रपट सपशेल आपटला. पुढे कधीतरी कॉलेजातली पोरं तो शोधून शोधून बघायला लागली, ती त्या भुतासाठीच. किंचाळणारी भुतं पैशाला पासरी, पण हे भूत तोंड मिटून येतं आणि म्हणूनच जास्त घाबरवतं, असं त्यांचं म्हणणं. श्रेय अर्थात तापाने फणफणलेल्या नटीला मिळालं. तिचंच नाव पडद्यावर होतं.

नव्या नवरीच्या उत्साहात शिवणबाई नवऱ्याला थिएटरात घेऊन गेल्या होत्या. पण ती रिळं इतकी काळी होती की पडद्यावर फक्त चकाकणारं काहीतरी दिसलं. घड्याळजींचा सगळा जन्म डोळ्याला भिंग लावून घड्याळं दुरुस्त करण्यात गेलेला. जे भिंगाखाली दिसतं तेच खरं, असा त्यांचा खाक्या. "सुळे आहेत हे, ही काही तू नव्हेस," त्यांनी तिथेच निकाल दिला, आणि तो निकाल त्यांच्या घरात पुढे कायम राहिला. पाहुणे आले की ते म्हणायचे, "आमच्या हिला विचारा, ही पूर्वी भूत होती." मग सगळे हसायचे. शिवणबाईही हसायच्या.

मात्र हसता हसता त्यांच्या मनात एक किडा शिरला होता आणि तो त्यांनी कुणाला सांगितला नव्हता. नटी बरी झाल्यावर दिग्दर्शकाने तो प्रसंग पुन्हा घेतला असेल तर? आपल्याला कुणी कळवणार होतं थोडंच! पडद्यावर त्यांना स्वतःला तरी कुठे ओळखू आलं होतं? इतकी वर्षं आपण दुसऱ्याच बाईचं भूत मिरवत बसलो असलो, तर निदान ते कळायला नको होतं. म्हणून लेकीने डिस्क आणल्यापासून त्या नुसती डबीच न्याहाळत बसल्या होत्या; लाव म्हणत नव्हत्या.

"बाबांना दिसणार नाही ना काही," लेक हळूच म्हणाली.

काचबिंदूने घड्याळजींची नजर नेली होती. उजेड कळायचा, समोरचं माणूस कळायचं नाही.

"मला काय बघायचंय? मी बघितलाय की!" ते तिकडून म्हणाले. त्यांच्या कानांना काही झालं नव्हतं. "लाव तू. तुझ्या आईचं एकदाचं तोंड बंद होऊ दे."

लेकीने पडदे ओढून घेतले. चित्रपट सुरू झाला आणि शिवणबाई पुढे सरकून बसल्या. त्यांना आधी दिसले ते त्यांनी शिवलेले कपडे. नायिकेच्या बाहीची चुणी, म्हाताऱ्या नोकराच्या कोटाला मुद्दाम लावलेलं ठिगळ, सगळं काल इस्त्री केल्यासारखं लख्ख. "हा खांदा मी दोनदा उसवला होता," त्या पुटपुटल्या. मग तो जिना आला. नायिका मागे सरकली. दार करकरलं.

"हं," असा आवाज झाला.

अगदी बारीक, नाकातून आलेला, मिटल्या ओठांचा हुंकार. जुन्या खरखरीत तो बुडून गेला होता. मागून पांढरा झगा पायरी पायरी खाली येऊ लागला, चेहऱ्यावर उजेड पडला आणि लेक ताडकन उठून उभी राहिली.

"आई! अगं, टाचण्या! मोजता येतील इतक्या स्वच्छ दिसतायत! आणि तू... अगं, तूच आहेस की गं ही!" तिने चित्र तिथेच थांबवलं. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "थांब, मी दादाला फोन करते. तोच सगळ्यात जास्त चिडवायचा." आणि ती फोन घेऊन आतल्या खोलीत पळाली.

शिवणबाईंच्या जिवात जीव आला. एवढा आनंद झाला की काय करावं सुचेना, म्हणून त्यांनी पदराने डबी पुसली. मग त्यांचं नवऱ्याकडे लक्ष गेलं. घड्याळजी हसत नव्हते. बंद पडलेलं घड्याळ कानाशी धरताना करायचे तशी त्यांनी मान तिरकी केली होती.

"ते 'हं' कोण म्हणालं?"

"मीच. त्याने 'तयार?' असं विचारलं होतं ना."

"तूच," घड्याळजी म्हणाले. "किल्ली कुठे ठेवलीस विचारलं, की 'हं'. पोरं जेवली का विचारलं, की 'हं'. उभा जन्म मी हेच उत्तर ऐकत आलोय. अगं, हे मला आधी ऐकवलं असतंस, तर मी कशाला वाद घातला असता?"

"तेव्हा ऐकूच येत नव्हतं हो."

"आणि मला दिसत होतं," ते म्हणाले.  मग नवीन लग्न झाल्यावर काहीतरी विचारायचं असलं की जसा आवाज काढायचे, तशा आवाजात त्यांनी विचारलं, "कशी दिसतेस गं त्यात?"

शिवणबाईंनी पडद्याकडे पाहिलं. जिन्यावर एक तरणीताठी पोर उभी होती. कपाळावर घामाने चिकटलेली बट, एकाग्र झालेल्या भुवया, आणि नजर नायिकेवर नाहीच, तिच्या झग्याच्या सुटलेल्या दुमडीवर. गळ्याच्या खळग्यात लग्न ठरल्यावर घड्याळजींनी घेतलेला पहिला दागिना, त्याचा मणी न्‌ मणी दिसत होता. आपण एवढ्या देखण्या होतो हे त्यांना आत्ताच कळत होतं.

"काळोखच आहे हो सगळा," त्या म्हणाल्या. "टाचण्या तेवढ्या चकाकतात. तुम्ही पाहिलंत तेवढंच आहे."

"म्हणजे माझीही काही चूक नव्हती."

"नव्हती."

घड्याळजींनी मान हलवली. त्यांचा विश्वास बसला की नाही, ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळेना. त्यांनी हात पुढे केला, चाचपत शिवणबाईंचा हात शोधला आणि धरून ठेवला.

"मागे घे जरा," ते म्हणाले. "त्या 'हं'च्या थोडं आधी."

आतून लेकीचं हसणं ऐकू येत होतं. शिवणबाईंनी मोकळ्या हाताने रिमोट उचलला, नीट निरखून बटण शोधलं, चित्र मागे नेलं आणि आवाज थोडा वाढवला.