तिघांची खेप

निकितानं सटवाजी भोयाच्या डोंग्याचा दोर धरून ठेवला होता. सोडेच ना.

“पैल्या खेपेत चार जणं आणजा,” ती म्हणाली. “पोरगा, त्याची आत्या अन् मामा मागं ठेवजा.”

“कायले?”

“सांगतलं तेवढं करा ना काका. तुमच्या मोबाईलमदी गाणे कोण भरून देते?”

सटवाजीनं वल्हं पाण्यात टाकलं.

पैनगंगेच्या पल्याड पावणे उभे होते, निकिताले पाहाले आलेले. पुलावरून तीस किलोमीटरचा फेरा, म्हणून गाडी तिकडंच लावून ते डोंग्यानं येणार होते. पावणे सात. डोंग्यात मावतात चार. उरले तीन, अन् शुभकामाले तिघं जात नसतात. एकोणीस वर्षांच्या निकितानं शाळा अकरावीतच सोडली होती, पण एवढं गणित तिले जमत होतं.

हा डाव मोबाईलवरच्या गेममधला होता. जुन्या काळचे राजे, हत्ती, घोडे. मागच्या महिन्यात तिनं सगळी फौज एकदम नदीत घातली. समोरच्यानं अर्धी काठावर चढू दिली, मग झोडपली. उरलेले चाळीस हत्ती पाण्यात नुसते पाहात राह्यले. आज काठावर ती होती. तीन दिवस ती घरात कोणाशी नीट बोलली नव्हती.

आजचा दिवस निघाला की झालं. उद्या अवस, परवापासून पौष. महिनाभर सोयरिकीचं कोणी नाव काढणार नव्हतं. अन् सोमवारपासून उमरखेडच्या मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात तिले कामावर बोलावलं होतं. “पावण्यांनी पसंत केलं तं दुकान-बिकान काही नाही,” असं तिच्या बापानं, भगवानरावानं, आधीच सांगून टाकलं होतं.

पहिली खेप आली. चार म्हातारे उतरले अन् अंगणात पोहे खात बसले. होकार द्यायचा हक्क त्यांच्यापैकी एकालेही नव्हता. तो पोराच्या आत्याचा, तानाबाईचा. तिले विचारल्याशिवाय त्या घरात भाजीत मीठ पडत नसे, अन् ती पल्याड होती. पाण्यावरून तिचा आवाज साफ येत होता.

“तिघं? मी नाही बसायची.”

“मले धरून चार होते ना बाई,” सटवाजी म्हणाला.

“डोंगेवाल्याले मोजत नसतात.”

सटवाजीचं तोंड उतरलं. चाळीस वर्षं त्यानं या नदीत काढली होती.

इकडं भगवानराव काठावर येरझारा घालत होते. “काय चालू हाय तिकडं? पोहे गार होऊन राह्यले.”

निकितानं पदर तोंडाले लावला होता. आत हसू होतं.

तेवढ्यात तानाबाईनं वाकून एक गोटा उचलला. पर्समधून डबी काढून त्याले कुंकू लावलं अन् भाच्याच्या हाती दिला. “हा चौथा. धर नीट, कपिल.”

निकिताचं हसू थांबलं. गोट्याचा विचार तिनं केलाच नव्हता.

आत्या मामाचा हात धरून चपला काढत होती. कपिलनं आत्याकडं एकदा पाह्यलं, अन् गोटा हळूच पाण्यात सोडला.

“पडला,” तो म्हणाला.

आत्यानं दुसरा दिला. तोही पडला.

“तुह्या हाताले काय लोणी लागलं?”

“वल्ला हाय ना तो.”

तिसरा पडला तशी आत्यानं चपला परत घातल्या. “चला. योगच नाही. तिकडच्यांले वापस आण म्हणा.”

सटवाजी रिकामा डोंगा घेऊन इकडं आला. म्हणजे निकिता जिंकली होती. सोमवार तिचा होता. तिनं पदर खाली केला तं कान लाल झालेले.

“त्यानं मुद्दाम टाकले,” ती म्हणाली.

“कोणं?” भगवानरावानं विचारलं.

“त्या पोट्ट्यानं. मले अजून पाह्यलंबी नाही अन् नाही म्हणते? समजते कोण सोताले?”

तिनं साडी वर खोचली अन् डोंग्यात जाऊन बसली.

“अवं, पोरगी जात असते काय तिकडं?” भगवानराव म्हणाले.

“तिघंच हायत ना ते? चौथी मी होते. चला काका.”

सटवाजीनं भगवानरावाकडं पाह्यलं, मग तिच्याकडं, अन् वल्हं मारलं.

पल्याड कपिल दोन पावलं मागं सरकला. मग थांबला, अन् त्यानं केसांवरून हात फिरवला.