धुऱ्याकडचा नमुना

मुकुटबनच्या सदाशिवरावांच्या शेतात तणनाशक मारलं तरी न मरणाऱ्या, परवानगी नसलेल्या बियाण्याचा कापूस उभा होता. साध्या बियाण्याच्या दोन ओळी तेवढ्या धुऱ्याला, बांधाला लागून. तपासणीला कोणी आलं की तिथलंच पान तोडून द्यायचं. बोंडअळीच्या वर्षांत तण निंदायचा खर्च झेपेना, तेव्हापासून गावात बहुतेकांची हीच पद्धत होती. पान निर्दोष निघे, मग शेतही निर्दोष ठरे.

२०२१च्या वेचणीत त्यांच्या मुलीची, अर्पिताची, सोयरीक वणीच्या विठ्ठलरावांच्या ऋतिकशी जुळली. ऋतिकनं एका कंपनीकडून घरातल्या सगळ्यांची थुंकीवरून डीएनए तपासणी करून घेतली होती. “पत्रिकेपेक्षा हे बरं,” असं म्हणून विठ्ठलरावांनी होणाऱ्या सुनेसाठीही नळी पाठवली.

अर्पिता सिकलसेल या रक्ताच्या आजाराची वाहक होती. डॉक्टरांच्या मते लग्नाला हरकत नव्हती. पण सदाशिवरावांना डॉक्टरांशी सोयरीक करायची नव्हती.

वेचणीला येणारी नंदा अर्पिताच्याच वयाची, खणखणीत तब्येतीची.

“थुंक यात,” ते म्हणाले.

“कायले जी?”

“कोरोनाची टेस्ट. मजुरायले कंपल्सरी हाय.”

नंदानं मास्क खाली करून नळी भरली. सदाशिवरावांनी नळीवर अर्पिताचं नाव टाकलं आणि संमतीच्या सगळ्या चौकोनांत खुणा केल्या.

काही आठवड्यांनी अहवाल आला. सिकलसेल नाही. त्याखाली कंपनीनं न मागता जुळलेले नातेवाईकही दिले होते. विठ्ठलराव, वडील. ऋतिक, सावत्र भाऊ. वणीतही हेच सगळ्यांच्या मोबाइलवर पोचलं.

अर्पिताच्या आईला, मैनाबाईंना, विहीणबाईंचा फोन आला. “काहो मैनाबाई, पोरगी नेमकी कोनाची?”

मैनाबाईंनी फोन स्पीकरवर टाकून नवऱ्यापुढे धरला. “सांगा आता. नाहीतर मी चालली माहेरी.”

“थुंकी अर्पिताची नाही,” सदाशिवराव म्हणाले.

मग विहीणबाईंचा आवाज आला, पण आता नवऱ्याकडे वळलेला. “मंग तुमची हे पोरगी कोनती जी?”

“कंपनी फ्रॉड हाय,” विठ्ठलराव म्हणाले. लगेच फोन हिसकून त्यांनी विचारलं, “थुंकी कोनाची, सदाशिवराव?”

“ते नाही सांगता येत. ज्याची त्याची खाजगी गोष्ट असते,” सदाशिवराव म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

सोयरीक मोडली. पत्रिका जुळली नाही, असं दोन्ही घरांनी सांगितलं.

ऋतिकनं अर्पिताला विचारलं, माझी बहीण कोण? अर्पिता उत्तर न देता शेतात गेली आणि तिनं नंदाला सगळं सांगितलं. बाप जन्माआधीच वारला, असं नंदा आजवर ऐकत आली होती. ती धुऱ्यावर बसली.

“त्यायले माह्यं नाव सांगतलं काय?”

“नाही.”

“नको सांगू. मायले कोनी काही विचारलं नाही पाह्यजे. ते थुंकी वापस माग.”

अर्पितानं तिथूनच कंपनीला फोन लावला. नमुना परत मिळत नाही, नोंद मात्र पुसता येते, असं तिकडचा मुलगा अदबीनं म्हणाला. त्यासाठी खातेदाराची ओळख पटायला हवी. थुंकीचा नवा नमुना पाठवा, आधीच्याशी जुळला की काम होईल.

अर्पितानं नंदाकडे पाहिलं.

“पाहू नको तशी,” नंदा म्हणाली. “या बारीले काय सांगून थुंकाले लावता?”