नाव कटलेला माणूस

सव्वीस वर्षं फौजेत टेलिफोनच्या तारा ओढून सुभेदार गहिनीनाथ गावी परतले, तेव्हा घरच्यांना वाटलं, आता हा माणूस ओट्यावर बसून पेपर वाचील. पण रिकामं बसणं त्यांच्या पत्रिकेतच नव्हतं. वडवणीच्या आसपासच्या माजी सैनिकांची, त्यांच्या विधवांची कागदपत्रं काखोटीला मारून ते बीडच्या कचेऱ्यांत खेटे घालू लागले. दोन हजार सोळाच्या उन्हाळ्यात विहिरींनी तळ दाखवला, तसं त्यांनी ठरवलं, माजी सैनिकांची सहकारी संस्था काढायची, स्वतःचा टँकर फिरवायचा आणि पहिलं पाणी एकट्या राहणाऱ्या विधवांच्या दारात ओतायचं.

नोंदणीला दहा घरांतले दहा सभासद हवेत. दहाही फौजीच पाहिजेत, हा सुभेदारांचा हट्ट. नऊ झाले, दहावा काही मिळेना. एखादा शेतकरी घ्या की, असं लोक सांगून थकले, पण ऐकतील तर ते सुभेदार कसले! अर्ज सोमवारी द्यायचा होता आणि शनिवार उजाडला होता.

त्या सकाळी गावच्या बोअरमधली जळकी मोटार वर काढायचं काम चाललं होतं. सत्तरीला टेकलेले धुळाजीआबा न बोलावताच हात लावायला आले. मोटार निघाली. आबांनी मोकळी पडलेली केबल उचलली आणि जमिनीवर आठाच्या आकड्यात घालत गेले, एक वळसा इकडे, एक तिकडे. तशी घातली की पुन्हा ओढताना पीळ पडत नाही. गावात तर सगळे केबल कोपरावर गोल गुंडाळतात. सुभेदारांच्या हातातला चहा तसाच राहिला. ही रीत त्यांना फौजेतल्या उस्तादानं शिव्या घालून शिकवली होती.

"आबा, हे कुठं शिकला तुमी?"

"शिकायचं काय त्यात? वायर हाय, गुंडाळली," म्हणत आबा निघून गेले.

आता सुभेदारांना चैन पडेना. त्यांनी आबांच्या घरी जाऊन वच्छलाकाकूंना गाठलं. आबा शेतात होते.

"मालक लग्नाआधी पुण्याला गोदामात हुते," काकू म्हणाल्या. "बहात्तरच्या दुष्काळात माघारी आले अन् खडी फोडाया गेले."

"कशाचं गोदाम?"

"ते काय म्या इचारलं न्हाई बा."

गोदामातला माणूस आणि आठाचा आकडा! सुभेदार तडक शेतात गेले. आबा लिंबाखाली बसले होते. डाव्या अंगानं हाक मारली तर त्यांना ऐकूच गेलं नाही. सुभेदार उजवीकडून आले आणि एकदम फौजी हिंदीत विचारलं, "कौनसी पलटन, उस्ताद?"

"सिग्नल, साब!"

सुभेदारांच्याच, तारा ओढणाऱ्या पलटणीचं नाव तोंडातून निसटलं आणि आबांचा चेहरा पडला. चोरी उघडी पडल्यावर पडतो तसा.

"मंग दहावी सही तुमची, आबा!"

"माझी चालायची न्हाई. माझं नाव कटलंय."

मग थोडं थोडं करून सगळं बाहेर आलं. एकाहत्तरच्या लढाईत शेजारी गोळा फुटला. डावा कान गेला आणि खांद्यावरचं तारेचं रीळ नाल्यात वाहून गेलं. आबा तीन महिने दवाखान्यात होते. पुढं एक दिवस फौजेतल्या बाबूनं सांगितलं, तेरा नाम कट गया, घर जाओ.

"शाळंत मास्तर कुणाचं नाव काटायचे? उनाड पोराचं," आबा म्हणाले. "म्या समजलो, रिळापायी हाकललं. हाकललेला फौजी म्हणून जगण्यापरीस गोदामात हुतो म्हणून सांगितलेलं बरं."

सुभेदारांना हसू फुटलं आणि लगेच त्या हसण्याची लाजही वाटली.

"आहो आबा, माझंबी नाव कटलंय की! मुदत संपली, पेन्शनीला निघाला, दुखापतीनं घरी धाडला, फौजेत समद्यांला येकच बोली हाय. नाम कट गया. घरी धाडताना फौजेनं दिलेलं बुक हाय का तुमच्याजवळ?"

बुक होतं. घरी जाऊन आबांनी ट्रंकेच्या तळातून ते काढलं. इंग्रजीत असल्यामुळं आणि भीतीमुळं त्यांनी ते कधी कुणाला दाखवलंच नव्हतं. सुभेदारांनी बोट ठेवून वाचलं. घरी पाठवण्याचं कारण, लढाईत कानाला इजा. वर्तणूक, एक्झम्प्लरी.

"म्हंजे?"

"म्हंजे दुसऱ्यानं कित्ता गिरवावा आशी."

"अन् रीळ?"

"रिळाचं अक्षर न्हाई ह्यात."

सुभेदारांना वाटलं, म्हातारा आता आनंदानं उडी मारील. आबा भिंतीला टेकून खाली बसले.

"मंग म्या भारतला भरतीला काहून जाऊ दिलं न्हाई?"

भारत त्यांचा एकुलता एक. एकोणीस वर्षांचा असताना भरतीला निघाला होता. बापाचं नाव विचारतील आणि जुनं लफडं निघेल, या धाकानं आबांनी त्याचे कागद चुलीत घातले होते. कारण सांगितलं नव्हतं. आता भारत चाळिशीला आला होता, बीडच्या एसटी स्टँडवर ऑटो चालवत होता आणि बापाशी कामापुरतंच बोलत होता.

सुभेदारांनी अर्ज पुढं सरकवला. आबांनी तो बाजूला सारला.

"आधी त्याला सांगतो. मंग सही."

फोन सुभेदारांनी लावून दिला. आबांनी तो उजव्या कानाला धरला. "भारत, म्या फौजेत हुतो. लढाईत हुतो. लपवलं तुझ्यापून." आणि मग रडत रडतच पुढचं सांगितलं, रिळाचं, बाबूचं, चुलीतल्या कागदांचं. वच्छलाकाकू दारात उभ्या होत्या. त्यांनीही हे पहिल्यांदाच ऐकलं.

पलीकडं ऑटो बंद केल्याचा आवाज आला.

"चुकलं रं माझं," आबा म्हणाले.

"आबा," भारत म्हणाला, "त्या बुकात काय लिवलंय ते मला वाचून दावा. समदं."

सुभेदारांनी फोनचा आवाज मोठा केला आणि पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. वर्तणुकीपाशी आले तेव्हा भारत म्हणाला, "परत वाचा."

ते परत वाचत होते तेव्हा आबांनी अर्ज ओढून घेतला. दहाव्या ओळीवर त्यांनी आधी फौजेतला नंबर लिहिला, मग हुद्दा आणि मग आपलं नाव.