मी बकारामच्या पापणीचा जागल्या

ऐका, मी बकारामच्या उजव्या पापणीचा जागल्या बोलतोय. तसा मी एक चेतापेशी. पेशी म्हणजे बाईमाणूस असं कोणी म्हणेल. पण त्रेसष्ट वर्षं एका पुरुषाच्या डोक्यात काढली, आता बोलणंही त्याच्यासारखंच झालं.

मी शाळा पाहिली नाही. बकारामही तिसरीतून उठून बैलांमागे गेला. मला जे कळलं ते काम करता करता कळलं, आणि बाकीचं एका डॉक्टरीणबाईच्या तोंडून, बकारामच्या कानांवाटे.

बकारामच्या जन्माआधीच, आईच्या पोटात, माझा जन्म झाला. डोळ्यांच्या मागे, मेंदूच्या बुंध्यात माझं घर. तिथून माझा एक लांब धागा निघतो तो पापणी उचलणाऱ्या स्नायूपर्यंत. बकारामची चामडी नवी होते, रक्त नवं होतं, पण आमच्यात बदली माणूस मिळत नाही. त्याच्यासोबत आलो, त्याच्यासोबत जाईन.

लोकांना वाटतं, डोळा उघडा असतो म्हणजे तो आपोआप असतो. तसं नाही बापा. मिटणं सोपं आहे. उघडं ठेवायला कोणाला तरी सारखं राबावं लागतं. तो मी.

पण मी मनाचा राजा नाही. हजारो शेजाऱ्यांच्या धाग्यांची टोकं माझ्या अंगाला येऊन भिडलेली आहेत. कोणी म्हणतो, 'उचल'. कोणी म्हणतो, 'थांब, धूळ येते आहे'. मी एकाचं ऐकून कधी उठत नाही. सगळ्यांचं जमवतो.

बकारामचं घर तलाव बांधणाऱ्यांचं. केशोरीजवळच्या त्याच्या गावात खापरपणजोबांनी घातलेली तलावाची पाळ अजून उभी आहे. त्या तलावाला जादा पाणी उतरून जायला एका बाजूला ठरल्या उंचीची वाट ठेवली आहे, तिला सलंग म्हणतात. चार नाले पाणी आणतात, दोन पाट पाणी काढून नेतात. पाणी सलंगेच्या बोटभर खाली असलं तरी पलीकडे थेंब जात नाही. माझंही तसंच. 'उचल'वाले भरतात, 'थांब'वाले ओततात. निरोप सावकाश, तुटक आले तर मधल्या वेळात झिरपून जातात. बरेच एकदम आले, की पातळी गाठली जाते. फरक एवढाच, की तलाव थोडाही उतू जातो. मी उतू गेलो तर पुरा जातो, नाहीतर मुळीच नाही. अर्धा निरोप माझ्याजवळ नाही. जोर लावायचा असेल तर तोच निरोप भराभर पाठवतो.

आता खरी गंमत. माझा धागा स्नायूपर्यंत जातो, पण त्याला शिवत नाही. मध्ये एक फट असते, केसाहूनही किती तरी पट बारीक. डॉक्टरीणबाई त्या जागेला सिनॅप्स म्हणाली. माझ्या टोकाशी रसाच्या इवल्या पोतड्या भरून ठेवलेल्या असतात. निरोप आला की बाहेरून कॅल्शियम आत शिरतं. बकाराम तंबाखूच्या खर्ऱ्यात चुना घालतो ना, त्यातही तेच. ते आलं की पोतड्या फुटतात, रस फट ओलांडतो, आणि स्नायूच्या अंगावरच्या कुलपांत किल्लीसारखा बसतो. कुलूप उघडलं की स्नायू आवळतो, पापणी वर. मग फटीतला झाडूवाला उरलेला रस लगेच झाडून टाकतो, नाहीतर पुढचा निरोप कळणार कसा?

हे असं त्रेसष्ट वर्षं चाललं. बकारामनं कधी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

गेल्या कार्तिकात धान कापणं झालं होतं. सकाळी दहाच्या सुमारास बकाराम धानाच्या बांधीत वाकून भारा उचलत होता आणि भाऱ्याखालच्या डोम्या नागानं त्याच्या उजव्या हाताला चावा घेतला. साप सरसर निघून गेला. बकारामची बायको रुख्मा धावली. शेजारच्या बांधीतला छोटेलालही आला. माणूस मायाळू, पण सगळं आपल्यालाच कळतं असं मानणारा.

त्यानं आधी कडुलिंबाचा पाला आणला. आमच्याकडे रीत आहे. साप चावलेल्याला पाला चावायला द्यायचा. कडू लागला तर विष चढलं नाही, गोड लागला तर चढलं.

"चावा बकाराम भाऊ. कडू लागते का?"

"कडूच लागते. तं काय जिलेबी लागन?"

"पाहा वहिनी, तोंड कसं मुरडून राहिला! काही नाही झालं. विष सोडलंच नाही त्यानं."

"तरी दवाखान्यात नेऊ ना," रुख्मा म्हणाली.

"कायले?" बकारामच बोलला. "आभाळ आलं आहे. धान भिजन."

जीभ खोटं बोलली नव्हती. चवीचा रस्ता वेगळा आहे, विष त्या वाटेला गेलंच नव्हतं. ते रक्तातून थेट माझ्या फटीपलीकडे पोचत होतं आणि स्नायूच्या कुलपांत बसत होतं. कुलपात भलतीच किल्ली घालून मोडून ठेवावी तसं. उघडायचं नाही, आणि खऱ्या किल्लीला जागाही द्यायची नाही.

मला काय, मी निरोप पाठवत होतो. पोतड्या फुटत होत्या, रस पलीकडे जात होता. पण पापणी खाली येत होती. आयुष्यात पहिल्यांदा माझं कोणी ऐकेना. मी भराभर पाठवू लागलो. उचल, उचल, उचल.

बकाराम शेताच्या धुऱ्यावर बसला होता. दिसावं म्हणून कपाळाला आठ्या घालून, मान मागे टाकून पाहू लागला.

"असे काऊन पाहून राहिले?" रुख्मा म्हणाली. "बाशिंग बांधल्यासारखे तोंड वर करून?"

"झोप येऊन राहिली असन," छोटेलाल म्हणाला. "घाबरला माणूस की येते सुस्ती."

"रातभर घोरले हे. माझी झोप खाल्ली. आता दहा-अकराले झोप कायची?"

ती जवळ आली, दोन्ही पापण्या बोटांनी वर केल्या. सोडल्या तशा त्या खाली पडल्या. बाई उठून रस्त्याकडे धावली. गावातल्या गोवर्धनची धान वाहायची गाडी रस्त्यावर उभी होती, तिच्यात बकारामला घातलं. छोटेलालही चढला.

वाटेत बकारामची जीभ जड झाली. मान लुळी पडली. श्वास उथळ झाला. तो आत पुरा जागा होता. सगळं ऐकत होता, मला ते कळत होतं. पण बाहेरून पाहणाऱ्याला काय दिसणार? मिटलेले डोळे आणि लोंबती मान.

छोटेलाल रडायला लागला. "गेले भाऊ. गोवर्धन, गाडी वळव. मातीच घेऊन जायची तं घराकडे घेऊन जाऊ."

गोवर्धननं गाडी हळू केली. त्या वेळी मला काय वाटलं ते सांगता येत नाही. आमच्याजवळ ओरडायला तोंड नाही. होता तो रस, आणि तो वाया जात होता.

रुख्मानं बकारामचा डावा हात हातात घेतला. "ऐकून राहिले का? ऐकत असान तं माझं बोट दाबा."

विष वरून खाली उतरत येतं. पापणी आधी, मग जीभ, मान. हातापायांची बोटं मागाहून. बोटाचा राखणदार माझ्यासारखाच एक, पाठीच्या कण्यात राहणारा. त्याच्या पलीकडची थोडी कुलपं अजून मोकळी होती. बकारामच्या मेंदूतून त्याच्यावर निरोपांचा लोंढा आला. बोट हललं.

"दाबलं!"

"वहिनी, जीव जाताना अंग फडफडते," छोटेलाल म्हणाला.

रुख्मा नवऱ्याच्या कानाशी वाकली. "आपल्याले लेकी किती हो? सांगा."

बोट दबलं. मग सुटलं. आणि पुन्हा दबलं.

चंदा आणि रीता. दोन.

"गाडी वळवशीन तं याद राख गोवर्धन!" रुख्मा ओरडली. "माणूस लेकी मोजून राहिला अन् तुम्ही त्याले माती म्हणून राहिले?"

गोवर्धननं गाडी दवाखान्याकडे दामटली.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईनं घशात नळी घातली आणि यंत्रानं श्वास सुरू केला. नर्सला म्हणाली, "हे जागे आहेत. ऐकताहेत. यांच्याजवळ बोलताना सांभाळून." मग बकारामच्या कानाशी वाकून तिनं सांगितलं, "बाबा, काय करतोय ते सांगते, भिऊ नका." तेव्हाच मी माझ्या कामाची नावं पहिल्यांदा ऐकली. एक औषध रक्तातलं विष धरून ठेवणारं. दुसरी सुई फटीतल्या झाडूवाल्याला थोडा वेळ बसवून ठेवणारी, म्हणजे रस जास्त वेळ टिकेल आणि मोडकी किल्ली सुटली की त्या कुलपात खरी बसेल.

मी थांबलो नव्हतोच. शेजारी 'उचल' म्हणत होते, मी उचल म्हणत होतो. आणि उन्हं कलायच्या आत कुठलं तरी एक कुलूप उघडलं, मग दुसरं, मग बरीच. पापणी धानाच्या दाण्याएवढी वर झाली. त्या फटीतून बकारामला रुख्माच्या लुगड्याचा काठ दिसला. मग तिचं तोंड. ती रडत नव्हती. ती त्याचं बोट धरून बसली होती.

दुसऱ्या दिवशी नळी काढली. छोटेलाल दाराशी उभा होता, खाली पाहत. बकारामचा आवाज बसला होता, तरी त्यानं त्याला जवळ बोलावलं.

"पाला कडूच होता रे," तो म्हणाला. "तुझी काही चूक नाही. माझीच. मीच म्हणालो, 'दवाखान्यात कायले?'"

छोटेलालनं त्याचे पाय धरले. बकारामचं धान रातोरात छोटेलालनंच उचलून ठेवलं होतं.

आता मी थकलो आहे. माझ्या सोबतचे काही राखणदार गेले, त्यांचा भार उरलेल्यांवर आला. दिवस मावळला की बकारामची पापणी जराशी उतरते, त्याला तो म्हातारपण म्हणतो. म्हणू दे.

एकच मागणं आहे. साप चावला तर जिभेला काही विचारू नका. ती आपलं खरं सांगेल आणि तुम्ही फसाल. पापणी पाहा, आणि पापणी उतरायची वाटही पाहू नका. गाडी काढा. आणि डोळे मिटलेल्या माणसाला लवकर गेला म्हणू नका. आत कोणी तरी निरोप पाठवत असेल.

दुपारी जेवण झालं की बकाराम ओसरीत आडवा होतो. रुख्मा चहा घेऊन येते, हाक मारते. तो जागाच असतो. मला माहीत असतं, कारण सगळे 'थांब'वाले खोटे खोटे ओरडत असतात.

"ऐकून राहिले तं बोट दाबा," ती म्हणते.

तो दोनदा दाबतो. मग 'थांब'वाले मला मोकळं सोडतात, आणि मी पापणी उचलतो.