तारांची मागणी

ओदील व्हारेन यांनी पार्सलची दोरी दातांनीच तोडली. पॅरिसच्या डिसेंबरात बोटं इतकी सुजली होती की कात्री धरवत नव्हती. तेवढ्यात सिदोनी, त्यांची म्हातारी मोलकरीण, दार ढकलून आत आली.

"मादाम, शिपाई आलाय एक. पाय पुसायचं वळण काही सैन्यात लावत नाहीत वाटतं!"

मागोमाग तो आलाच.

"मी आन्सेल्म रुदिए. लियोंचा."

ओदील यांचा चेहरा उजळला. युद्ध लागल्यापासून त्यांच्या मैफली बंद होत्या. या दिवाणखान्यातून त्या आघाडीवरच्या वादकांना लागेल ते पाठवत. रुदिए दर महिन्याला व्हायोलिनच्या तारा मागायचा. पुडक्यासोबत त्या त्याला चार पानं लिहीत: आज काय वाजवलं, कुठं अडलं, खिडकीतून काय दिसतंय.

त्यानं उजव्या हातानं पियानोवर तारांची पुडकी ठेवली. एकाचंही सील फोडलेलं नव्हतं. मग डावा हात खिशातून काढला. तीन बोटं नव्हती.

"कधी?"

"मार्चमध्ये. तेव्हापासून आघाडीच्या मागच्या छावणीत कोठाराची कारकुनी करतोय."

"आणि तरी मागत राहिलात?" ओदील यांचा आवाज चढला. "नोव्हेंबरात लिमोजच्या गास्पारनं तारा मागितल्या होत्या. शिल्लक नाहीत म्हणून कळवलं मी त्याला. शेवटचा संच तुम्हाला गेला होता!"

"पत्ता द्या त्याचा. स्वतः नेऊन देतो."

"त्याला आता पत्ता नाही."

रुदिएनं पियानोवरची पुडकी एकावर एक रचली. मग म्हणाला, "मादाम, मी काही मागितलंच नसतं, तर लिहिलं असतंत?"

'हो' त्यांच्या ओठांवर आलं होतं. त्यांनी टेबलावरचे कागद उगाचच नीट केले.

"नाही," त्या म्हणाल्या.

"मलाही तसंच वाटलं होतं."

त्यानं टोपी घातली. दारात सिदोनीनं त्याच्या खिशात अर्धा पाव कोंबला.

"घ्या हो. हे मागावं लागत नाही."

तो गेल्यावर ओदील यांनी टेबलाचा खालचा खण उघडला. वर्षभरात ज्यांनी काहीच मागितलं नव्हतं, त्यांची नावं तिथं होती. गरज नाही, असं समजून बाजूला सारलेली. त्याच दुपारी त्या लिहायला बसल्या. पार्सल नाही, नुसती चार पानं, प्रत्येकाला.

जानेवारीत पहिलं पत्र परत आलं. पाकिटावर टपालखात्याचा शिक्का होता, आघाडीवर मेलेल्यांच्या पत्रांवर मारतात तो: 'पत्र वेळेत पोहोचू शकले नाही.'

एरवी कुणालाही बोलल्याशिवाय न सोडणाऱ्या सिदोनीनं ते टेबलावर पालथं ठेवलं, आणि आवाज न करता दार ओढून घेतलं.