कॅमेऱ्यापुढे उभा राहिलेला शब्दकोश

मित्रांनो, मी एक जुना इंग्रजी-मराठी शब्दकोश आहे. पाठीचा पुठ्ठा सुटलाय. ‘क्यू’ची दोन पानं उंदराने नेली, तिथे शब्द तरी कितीसे असतात म्हणा. सोलापूरच्या गुरप्पा मास्तरांनी नोकरी लागली त्या वर्षी मला घेतलं. तीस वर्षं त्यांच्या पिशवीतून शाळेत गेलो. मुलं मला मानाने हाताळायची, निदान मास्तर बघत असताना.

आता मास्तर घरी एकटेच असतात. पुण्याच्या मुलाने, प्रभुलिंगने, काळजीपोटी त्यांच्या खोलीतल्या फळीवर कॅमेरा ठेवला. त्यातून तो बोलतोही. मास्तर रोज सकाळी गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन त्यावर नजर लावून बसतात. ही पूजा ज्याची त्याने, एकट्याने करायची. आणि नेमका तेव्हाच फळीवरून आवाज यायचा, “आप्पा, बीपीची गोळी घेतली का?” मास्तरांची नजर इष्टलिंगावरून हटायची.

दिवाळीच्या सुट्टीत नात शिवानी आली. “आजोबा, इंट्रुझिव्ह म्हणजे काय हो?”

मास्तरांनी मला उघडलं. माझ्यात एवढंच होतं: नको असताना आत शिरणारा.

“हे विशेषण माणसाला लागतं, प्रश्नाला लागतं,” मास्तर म्हणाले, “आवाजाला, नजरेला बी लागतं.”

“पण तो मायेनं आला असला तर?”

“तरी लागतं की! शिरणाऱ्याचं मन बघून न्हाय, ज्याच्यात शिरला त्याला विचारून लावायचा शब्द हाय हा.”

“मग पप्पांना सांगा की.”

“तीनदा सांगितलं. ‘तुमच्यासाठीच हाय, आप्पा’ म्हणतो.”

शिवानी गेल्यावर पूजेला बसताना मास्तरांनी मला कॅमेऱ्यापुढे उभं केलं. चार दिवस सकाळी ते शांत बसले; प्रभुलिंगचा आवाजही माझ्या पानांत अडायचा. मी इतका ताठ कधीच उभा राहिलो नव्हतो. पाचव्या दिवशी प्रभुलिंग घाबराघुबरा येऊन थडकला. “रोज सकाळी काळं दिसतंय, आप्पा! पडला असता तर मला कळलं कसं असतं?” त्याचे डोळे भरले होते. मास्तरांना धड रागावताही आलं नाही.

कॅमेरा छताजवळ गेला. मी त्याच खोलीतल्या माळ्यावर.

इथून दिसतं. मास्तर आता इष्टलिंग नुसतं डोळ्यांना लावतात आणि गळ्यातल्या डबीत परत ठेवून देतात. गोळी मात्र वेळेवर घेतात.

मित्रांनो, मला वाळवी लागेल, त्याचं काही नाही. तुमच्या म्हाताऱ्या माणसांना जपा, जरूर जपा. पण आत जाण्याआधी विचारा, आणि ‘नको’ म्हणाले तर दाराबाहेर थांबा. प्रभुलिंगला हे सांगायला लागणारे सगळे शब्द माझ्याकडे आहेत. मला उघडणारं कोणी नाही.