वेलांटीरावांचं वाचन

छापखान्यात छत्तीस वर्षं डोळ्यांत तेल घालून प्रुफं तपासली, म्हणून सगळे त्यांना वेलांटीराव म्हणत, आणि त्यांनाही ते आवडे. समोर लिहिलेलं काही आलं की त्यांचा हात आपोआप खिशातल्या लाल पेनकडे जाई. जित्याची खोड, दुसरं काय! निवृत्तीनंतर या खोडीने घरातच घात केला. बायकोने टेलिफोन एक्स्चेंजमधल्या नोकरीच्या आठवणी वहीत लिहिल्या होत्या, चांगली बेचाळीस पानं. भीतभीतच "वाचून बघा" म्हणत तिने वही त्यांच्या हातात ठेवली. दोन दिवसांनी वही परत मिळाली ती लालभडक होऊन.

बायकोने पानं चाळली, वही मिटली आणि रद्दीच्या गठ्ठ्यावर ठेवली. "सोमवारी रद्दीवाला येतोय," एवढंच म्हणाली. तेव्हापासून घरात बोलणं होतं ते जेवायला या आणि दार लावा, इतपतच. आपलं चुकलं हे वेलांटीरावांना कळत होतं. पण जगाच्या चुका काढणाऱ्या या माणसाला स्वतःची कबूल करायची म्हटलं की दातखीळ बसायची. चार दिवस असेच गेले.

शनिवारी दुपारी दोघं ऑपेराला गेले, कारण लेकीने तिकिटं पाठवली होती आणि ती वाया घालवणं दोघांच्याही स्वभावात नव्हतं. ऑपेरा म्हणजे सगळंच गाऊन सांगायचं नाटक, तेही परक्या भाषेत. रंगमंचाच्या वर एक काळी पट्टी होती आणि तिच्यावर गाण्यांचं भाषांतर उमटत होतं. बायकोला मोतीबिंदूमुळे त्यातलं अक्षर दिसेना. दहा मिनिटं तिने कळ काढली, मग हळूच म्हणाली, "वाचा."

चार दिवसांत ती पहिल्यांदाच आपणहून बोलली होती. वेलांटीराव लगबगीने तिच्या कानाशी झुकले आणि छापखान्यात मोठ्याने वाचायची सवय होती तसं वाचू लागले. "ये सखे स्वल्पविराम, लाट चढते आहे पूर्णविराम."

पुढच्या रांगेतला गृहस्थ मागे वळला. "काका, नुसतं वाचा हो. विरामचिन्हं आम्ही समजून घेऊ."

बायकोने तोंडावर रुमाल धरला. खांदे मात्र हलत होते.

गोष्ट साधीच होती. दीपगृहाच्या रखवालदाराला बायकोचा संशय येतो. ती होडीतून परत येत असताना तो रागाने दिवा मालवतो आणि होडी खडकावर आपटते. तिला किनाऱ्यावर आणतात तेव्हा ती निर्दोष असल्याचं त्याला कळतं. मग ती मरता मरता पूर्ण आवाजात गाते, आणि गातच राहते.

"एवढा दम आहे तर कुणी डॉक्टर का बोलवत नाही?" बायको पुटपुटली. वेलांटीरावांना हसू आलं आणि बरंही वाटलं.

तेवढ्यात रखवालदार गुडघ्यांवर बसला. वर अक्षरं उमटली: 'चुक माझी होती.'

चु ऱ्हस्व! चूक या शब्दातच चूक! वेलांटीरावांचा हात खिशाकडे गेला, तोंडही उघडलं. बायको रंगमंचाकडे नव्हे, त्यांच्याकडे वळून ऐकत होती. तीस वर्षं कानाला हेडफोन लावून बसलेली बाई ती. त्यांनी हात खाली घेतला.

"चूक माझी होती," त्यांनी वाचलं.

"ऐकू नाही आलं."

"चूक माझी होती." वरची पट्टी कोरी झाली होती, रखवालदार नुसताच रडत होता, पण वेलांटीराव थांबले नाहीत. "तू वाचायला दिलं होतंस. मी तपासत बसलो. तुझ्या तीस वर्षांत मला नुसते ऱ्हस्व-दीर्घ दिसले. फार वाईट वागलो."

बायकोने पट्टीकडे मान वर केली. "हे सगळं वर लिहिलंय?"

"नाही. वर काहीच नाही."

पडदा पडला. लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले. हे दोघं बसूनच होते.

"एकोणिसाव्या पानावर तुमचा फोन आहे," ती म्हणाली. "छापखान्यातून परगावचा ट्रंक कॉल मागितला होतात आणि लाईन लागेपर्यंत माझ्याशीच बोलत बसलात, तो. ते पान वाचलंत?"

एकोणिसावं पान त्यांच्या डोळ्यांसमोर लख्ख उभं राहिलं. दोन वेलांट्या आणि एक अनुस्वार. बाकी काहीच आठवेना.

"नाही," ते म्हणाले.

"मग सोमवारी रद्दीवाल्याला नुसते पेपर द्या," बायको म्हणाली, आणि उठायला तिने त्यांचा हात मागितला.